सीएनसी लेथचे ‘घर’ चुकते तेव्हा : कारागिराला दोष देण्याआधी काय तपासावे?

कापडाच्या व्यापाऱ्याने लेथ मशीनवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा माग ज्या बुश, रोलर आणि शाफ्टवर चालतो, ते भाग लेथवरच तयार होतात. भाग मापात आला नाही तर माग थांबतो, माग थांबला की कापड थांबते आणि कापड थांबले की आमची तिजारत थांबते. शिवाय आपल्या अनेक तरुणांनी कर्ज काढून सीएनसी लेथ घेतली आहे. त्यांच्याकडून एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो : “मशीन रोज सकाळी वेगळ्याच जागेवर होम घेते.” त्याचाच हिशेब येथे मांडत आहोत.

होम म्हणजे मशीनची शून्य जागा. शिंपी जसा टेपचे टोक धरून माप घेतो, तशी मशीन या जागेपासून प्रत्येक माप मोजते. टोकच सरकले तर पुढची सगळी मापे चुकणार, मग प्रोग्राम कितीही बिनचूक असो.

होम घेण्याची रीत बहुतेक मशीनवर अशी असते. स्लाइड वेगाने होमकडे जाते. तिच्यावरचा लोखंडी ठोकळा, ज्याला डॉग म्हणतात, तो स्विच दाबतो आणि वेग कमी होतो. डॉगने स्विच सोडला की कंट्रोल मोटरच्या एन्कोडरकडून येणाऱ्या खुणेच्या पल्सची वाट पाहतो. ही पल्स मोटरच्या एका फेऱ्यात एकदाच येते. ती आली की तेथे होम ठरते. म्हणजे स्विच फक्त मोहल्ला दाखवतो. घराचा नेमका दरवाजा एन्कोडर दाखवतो.

तपासाची सुरुवात पान्याने नव्हे, कागद-पेन्सिलीने करावी. मॅग्नेट स्टँडवर डायल लावावा, दहा वेळा होम घ्यावे आणि दर वेळी डायलचा आकडा लिहावा. मग मशीन बंद करून चालू करावी व पुन्हा दहा वेळा घ्यावे. एकदा सकाळी थंड मशीनवर, एकदा दुपारी गरम मशीनवर. डायल दाबून मोडणार नाही, इतकी जागा आधी सोडावी. हे आकडेच रोग सांगतात.

पहिला प्रकार : फरक नेमका स्क्रूच्या एका पिचइतका येतो. मोटर स्क्रूला थेट जोडलेली आणि पिच १० मिमी असेल तर फरक १० मिमी. एक्स अक्षावर तो व्यासात दुप्पट दिसतो, हे विसरू नये. याचा अर्थ, डॉग ज्या क्षणी स्विच सोडतो, त्याच सुमारास खुणेची पल्स येते. कधी ही पल्स पकडली जाते, कधी पुढच्या फेऱ्यातली. उपाय सोपा आहे. डॉग अर्ध्या पिचने, म्हणजे येथे ५ मिमी, सरकवावा. त्यानंतर होमची जागा डायलवर पुन्हा पाहावी आणि ती बदलली असेल तर टूलचे ऑफसेट नव्याने घ्यावेत.

दुसरा प्रकार : फरक थोडा, पण बेहिशेबी, कधी पुढे, कधी मागे. काही जुन्या किंवा स्वस्तात बदल केलेल्या मशीन खुणेच्या पल्सविना, केवळ स्विचवर होम घेतात. तेथे वेग फार महत्त्वाचा. मिनिटाला ६ मीटर वेग म्हणजे सेकंदाला १०० मिमी. कंट्रोल दर ८ मिलिसेकंदांनी स्विच वाचत असेल, तर तेवढ्यात स्लाइड ०.८ मिमी पुढे गेलेली असते. म्हणून स्विचचा शेवटचा स्पर्श अगदी संथ ठेवावा. बिडाचा बारीक भुगा आणि कूलंट मिळून चिखल होतो आणि स्विचचा दांडा अडकतो. प्रॉक्सिमिटी सेन्सरच्या तोंडावर लोखंडाचा कीस बसला तरी तो फसतो. सफाई करावी, स्विचचे स्क्रू आवळावेत, वायर कोठे सोलली आहे का ते पाहावे.

तिसरा प्रकार : जागा एकाच दिशेने सरकत जाते. मोटरचा शाफ्ट, कपलिंग आणि स्क्रू यांवर एकच सरळ रेघ मारून ठेवावी. काही दिवसांनी रेघ तुटलेली दिसली तर कपलिंग घसरते आहे. रेघ जुळते, पण मापे मशीन गरम होता होता सरकतात आणि थंड झाल्यावर परत येतात, तर ती उष्णता समजावी. पोलादाचा अर्धा मीटर स्क्रू १० अंश तापला तर सुमारे ०.०६ मिमी वाढतो. यात होमचा दोष नाही. काम सुरू करण्याआधी मशीन थोडा वेळ रिकामी चालवावी.

चौथा प्रकार : होम पूर्णच होत नाही. फानुकच्या जुन्या कंट्रोलवर ९० क्रमांकाचा अलार्म येतो. अनेकदा कारण एवढेच असते, की स्लाइड होमच्या फार जवळून निघालेली असते किंवा वेग फार कमी ठेवलेला असतो. तिला लांब नेऊन पुन्हा होम घ्यावे. ज्या मशीनला रोज होम घ्यावे लागत नाही, त्यांची स्मृती बॅटरीवर असते. ती वर्षातून एकदा बदलावी आणि कंट्रोल चालू ठेवूनच बदलावी. बंद करून बदलली तर जागेची आठवण पुसली जाण्याचा धोका असतो.

एक वाईट सवय मात्र सोडली पाहिजे. होम सरकले, की ऑफसेट बदलून काम पुढे रेटणे. पुढच्या वेळी होम जागेवर आले, की तोच ऑफसेट उलटा घात करतो.

आमच्या माहितीतल्या एका कारखान्यात टूल चकच्या जबड्यावर आदळले. जबडा आणि इन्सर्ट दोन्ही गेले. मालकाने ऑपरेटरच्या मजुरीतून रक्कम कापली. पंधरवड्याने तोच अपघात मालकाच्या स्वतःच्या हातून झाला. डायल लावला, तेव्हा फरक बरोबर १० मिमी निघाला. डॉग सरकवला, दोष संपला. मालकाने कापलेली मजुरी परत दिली, हे त्याच्या पदरी जमा. पण तोवर तो मुलगा दुसरीकडे कामाला लागला होता.

मशीन बँकेच्या हप्त्याने येते, कसबी कारागीर तसा मिळत नाही. म्हणून मशीनजवळ एक वही ठेवावी, दर आठवड्याला होमचे दहा आकडे लिहावेत आणि कोणाच्या मजुरीला हात लावण्याआधी ती वही उघडावी.