पुस्तक आणि पाना

देवणीच्या बैलाचे दात पाहून वय सांगणारे इथे पुष्कळ. इंजिनाला मात्र दात नसतात. रेडिएटरचे पाणी पाहायला मी विसरलो, माझी चार मीटरच्या आतली बोलेरो तापली आणि हेड गॅस्केट गेले. ऑइल दुधाळ झाले.

मिस्त्रींनी हेड उतरवून फेसिंग करून आणले. बसवताना मी वर्कशॉप मॅन्युअल उघडले : बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने मापातच आवळायचे, नाहीतर हेडवर दाब सारखा बसत नाही, गॅस्केट पुन्हा गळते.

"हात तसाच चालतो, साहेब; कारण आज कळालं. पुस्तक इंग्रजीत, आम्हाला कोण वाचून दाखवावं?"

मी गप्प झालो. बँकेत असताना इंग्रजी कर्जकागदांवर मी कितीकांचे अंगठे घेतले. वाचून एकालाही दाखवले नव्हते.

आता दर रविवारी मी मराठीत सांगतो. मिस्त्री वहीत उतरवून घेतात.