टी-शर्ट उडवणारा रोबो

शनिवारी शाळेच्या फुटबॉल सामन्यात मध्यंतराला आमच्या मुलांचा रोबो मैदानात उतरला. धप्प! टी-शर्ट थेट गॅलरीच्या शेवटच्या रांगेत. तेव्हापासून इथले मराठी पालक विचारताहेत, हे चालतं कसं?

मी इथे अमेरिकेत एका शाळेच्या रोबोटिक्स टीमचा मेंटॉर आहे. ‘फर्स्ट’ या संस्थेची रोबोटिक्स स्पर्धा जानेवारी ते एप्रिल चालते. उरलेल्या महिन्यांत नवी मुलं अशा प्रोजेक्टवर हात बसवतात.

कॉम्प्रेसर टाकीत हवा दाबून भरतो. टाकी आणि शर्ट भरलेल्या नळीच्या मध्ये व्हॉल्व्ह. खरी करामत त्याचीच! तो हळू उघडला तर हवा शर्टाच्या कडेने निसटते आणि शर्ट जेमतेम नळीबाहेर पडतो. म्हणून बऱ्याच टीम बागेच्या स्प्रिंकलरचा मोठा, झटकन उघडणारा व्हॉल्व्ह लावतात. शर्टही घट्ट गुंडाळून रबरबँड लावलेला हवा, नळीत जेमतेम सरकेल इतका जाड.

टाकीसाठी पीव्हीसी पाइप मात्र अजिबात नको. दाबाखाली फुटला तर धारदार तुकडे उडतात. हवेसाठीच बनवलेली टाकी घ्या, सेफ्टी व्हॉल्व्ह लावा. दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय शर्ट सुटताच कामा नये.

कुणाला बनवायचा असेल तर विचारा, वायरिंगसकट सांगतो.