२३ गोष्टी: वाचनालयाचा स्टाफ शिकला, आपल्या काउंटरवरचा पोऱ्या का नाही शिकणार?

क्लासला येणारे दुकानदार एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, मला व्हॉट्सॲप बिझनेस जमतं, पण कामावरचा पोऱ्या हातच लावत नाही. त्याला कसं शिकवायचं?" मला माहीत असलेलं याचं सगळ्यात चांगलं उत्तर दुकानातलं नाही, वाचनालयातलं आहे.

२००६ साल. अमेरिकेतल्या शार्लट शहराचं सार्वजनिक वाचनालय. ब्लॉग, फोटो शेअरिंग, विकी, पॉडकास्ट हे सगळं तेव्हा नवीन होतं. वाचक ते वापरायला लागले होते, आणि काउंटरमागचा स्टाफ पुस्तकांत तरबेज पण यात कोरा. उद्या वाचकाने काही विचारलं तर सांगायचं काय? तिथे तंत्रज्ञानाचं काम बघणाऱ्या हेलीन ब्लोअर्स यांनी नेहमीसारखी कार्यशाळा ठेवली नाही. त्यांनी २३ छोट्या गोष्टींची यादी केली आणि ९ आठवडे दिले. ज्याने त्याने आपापल्या वेगाने, काम सांभाळून एकेक गोष्ट स्वतः करून बघायची. पूर्ण करणाऱ्याला एमपी३ प्लेअर बक्षीस!

आता यातली गंमत बघा. सुरुवातीलाच प्रत्येकाने स्वतःचा ब्लॉग उघडायचा आणि पुढची प्रत्येक गोष्ट केली की तिथे लिहायचं. म्हणजे परीक्षा नाही, पण कोण कुठपर्यंत आलं ते दिसतं. नाव लावायचं नसेल तर टोपणनावाने लिहा, तेही चालेल. मला ही सोय फार आवडते, कारण आपल्याकडेही माणूस शिकायला घाबरत नाही, चारचौघांत हसं होईल म्हणून घाबरतो. मधला एक आख्खा आठवडा तर नुसता खेळायला ठेवला होता. बक्षीसही विचारपूर्वक निवडलेलं: शेवटच्या गोष्टींमध्ये पॉडकास्ट होतं, आणि ते ऐकायचं यंत्रच हातात दिलं. यादी सगळ्यांना वापरायला मोकळी ठेवली, म्हणून पुढे जगभरच्या कितीतरी वाचनालयांनी ती आपल्या सोयीने बदलून घेतली.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं ठीक आहे. पण आपल्याकडचं बघा. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. खेड्यातल्या छोट्या वाचनालयात बऱ्याचदा एकच माणूस कुलूप उघडतो, पेपर लावतो, रजिस्टर भरतो. त्याला दोन दिवस ट्रेनिंगला पाठवलं तर वाचनालय बंद! आपल्या दुकानाची गत तीच. पहूर पेठेतलं दुकान सोडून पोऱ्या क्लासला गेला तर गिऱ्हाईक काय थांबतं का? म्हणून काम सुरू ठेवून, थोडं थोडं शिकणं हाच आपल्या कामाचा रस्ता.

आणि न शिकण्याचा फटका कुठे बसतो ते सांगतो. मालक जळगावला माल भरायला गेलेला, मोबाईल त्याच्याच खिशात. इकडे ताईंनी व्हॉट्सॲपवर फोटो टाकून विचारलं, "असं आहे का?" दोन तास उत्तर नाही. तोवर ताई जामनेरला पोचलेल्या असतात, आणि तिथून नुसती तीच वस्तू नाही, महिन्याचं सामान घेऊन येतात.

म्हणून आपली यादी इथूनच सुरू करा. पहिल्या आठवड्यात लिंक्ड डिव्हाइस: मालकाचा नंबर काउंटरवरच्या दुसऱ्या मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर जोडायचा. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन मात्र मालकाकडेच, आणि ओटीपी कोणालाच सांगायचा नाही. मग क्विक रिप्लाय. भाव, वेळ, पत्ता ही रोजची उत्तरं पोऱ्यालाच बनवू द्या, त्याच्याच भाषेत. कॅटलॉगमध्ये रोज तीन वस्तू, फोटो त्यानेच काढायचे. पहिले वाकडे येतील, येऊ द्या. त्यानंतर लेबल: उधारी, नवीन ऑर्डर, पैसे आले.

ब्रॉडकास्ट लिस्ट नंतर घ्या, कारण त्यात एक मेख आहे. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज जातो. म्हणजे मेसेजच्या आधी काउंटरवर "दादा, नंबर सेव्ह करून घ्या" म्हणायची सवय लागते. वाचनालयात नवीन पुस्तकं आली की सभासदांना कळवायचं असेल तरी हाच नियम. गुगलवर दुकानाची वेळ आणि फोटो टाकणं सगळ्यात शेवटी, ते काम मालकासोबत बसूनच.

ब्लॉगच्या जागी तुमचा आणि स्टाफचा छोटा ग्रुप चालेल. गोष्ट झाली की पोऱ्याने तिथे अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज टाकायचा: काय केलं, कुठे अडलं. लिहायचा कंटाळा असणाराही बोलतो. तुम्ही फक्त ऐका, गिऱ्हाइकांसमोर चुका काढू नका. यादी संपली की तीन महिन्यांचं रिचार्ज मारून द्या, पण हे बक्षीस पहिल्याच दिवशी जाहीर करा.