दोन मिनिटांत सोल्ड आऊट!

लिमिटेड एडिशन घड्याळ फक्त ऑनलाइन मिळणार म्हटलं की वाटतं, चला, आता ओळख नको, वशिला नको. प्रत्यक्षात वाट्याला येतं गोल गोल फिरणारं चाक आणि गोड शब्दांतलं एक 'सॉरी'!

दुपारचे तीन अठ्ठावीस. 'क्लायंट कॉल आहे' असं सांगून कॉन्फरन्स रूम अडवलेली. लॅपटॉपवर एक टॅब, मोबाइलवर दुसरा, कीबोर्डला टेकवून उभं केलेलं क्रेडिट कार्ड. जिनिव्हात बारा वाजायला दोन मिनिटं. साडेतीन होतात, पान रिफ्रेश होतं, 'बाय'चं बटण दिसतं, ते दाबलंही जातं. चाक फिरतं. फिरतच राहतं. तीन बत्तीसला पाटी झळकते: सोल्ड आऊट. दीड वर्ष बोनसमधून बाजूला काढलेले पैसे खात्यात जसेच्या तसे असतात आणि तरीही आपलं पाकीट मारल्यासारखं वाटत राहतं.

घड्याळाचं वेड असलेल्या कुणालाही विचारा, हा सीन पाठ असतो. 'अरे, घड्याळच ना? दुसरं घे!' असं घरचे म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे. वेळ तर मोबाइलही दाखवतो. पण चिडचिड घड्याळ न मिळाल्याची कमी असते. 'सगळ्यांना समान संधी' असं सांगून बोलावलं आणि दार उघडण्याआधीच आतली माणसं जेवून उठली होती, याची जास्त असते.

ओळखीचं दुकान ते इन्स्टाग्राम

खरं तर ऑनलाइनचा फंडा आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या होत्या. कारण त्याआधीची पद्धत आणखी वाईट होती. हवं ते मॉडेल अधिकृत डीलरकडे आलं की तो ते काचेत ठेवायचाच नाही. आतल्या आत जुन्या गिऱ्हाइकाला फोन जायचा. तुम्ही आधी चार घड्याळं घेतलीत का, बायकोसाठी हिरे घेतलेत का, यावर तुमचा नंबर ठरायचा. रोलेक्स किंवा पाटेक फिलिपच्या गाजलेल्या मॉडेल्सची ही तऱ्हा आजही फारशी बदललेली नाही. पहिला चांगला पगार हातात आलेल्या पंचविशीतल्या पोराला तिथं कोण विचारणार?

म्हणून १० जानेवारी २०१७ हा दिवस महत्त्वाचा. ओमेगानं त्या दिवशी स्पीडमास्टरची 'स्पीडी ट्यूसडे' आवृत्ती थेट इन्स्टाग्रामवर जाहीर केली आणि ऑनलाइन बुकिंग घेतलं. रॉबर्ट-यान ब्रूर या डच संग्राहकानं २०१२ मध्ये दर मंगळवारी स्पीडमास्टरचे फोटो टाकायचा हॅशटॅग सुरू केला होता, त्याला हा सलाम होता. म्हणून नगही २०१२. किती वेळात संपले? चार तास, पंधरा मिनिटं, त्रेचाळीस सेकंद. पुढच्या वर्षी, १० जुलै २०१८ ला, 'अल्ट्रामॅन' आवृत्ती आली. सत्तरच्या दशकातल्या जपानी टीव्ही मालिकेत दिसलेल्या नारिंगी सेकंद-काट्याच्या स्पीडमास्टरची आठवण म्हणून काढलेली. नग पुन्हा २०१२. या वेळी एक तास त्रेपन्न मिनिटं सतरा सेकंद!

आता या आकड्यांकडे जरा नीट बघा. सेकंदापर्यंतचा हिशेब कोण ठेवतं? ज्याला तो मिरवायचा असतो, तोच. माल किती लवकर संपला, ही बातमी मालाच्या जाहिरातीपेक्षा जास्त दूर जाते, हे पुढे सगळ्याच ब्रँड्सना कळलं. चार तासांचे मग मिनिटांवर आले. तुमच्या-आमच्या हाती न लागलेलं घड्याळ पुढच्या घड्याळाची फुकटात पब्लिसिटी करतं. निराश झालेल्या गिऱ्हाइकाला इतकं कामाला लावणारा धंदा दुसरा नसेल.

रुमाल टाकला तरी सीट नाही

एसटीत खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली, हा आपला पिढीजात कायदा. कार्टचंही तसंच असेल असं आपण गृहीत धरतो. तिथंच फसतो. बऱ्याच ऑनलाइन दुकानांत वस्तू कार्टमध्ये टाकली म्हणजे ती तुमच्या नावावर राखून ठेवलेली नसते. पैसे भरण्याच्या टप्प्यावर कोण आधी पोहोचतो, त्यावर सगळं ठरतं. म्हणजे तुम्ही पत्ता टाइप करत असता, पिनकोडचा सहावा आकडा राहिलेला असतो आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणाचं पेमेंट होऊन जातं. कार्टमधून घड्याळ 'गायब' होण्याचा जो प्रकार लोक चोरी म्हणून सांगतात, तो अनेकदा हा असतो.

हा 'दुसरा कुणीतरी' माणूस असेलच असंही नाही. पत्ता, कार्ड, नाव आधीच भरून ठेवलेले बॉट्स डोळ्याचं पातं लवायच्या आत फॉर्म पार करतात आणि असे डझनभर फॉर्म एकाच वेळी भरतात. अमेरिकेनं २०१६ मध्ये बॉट्सविरुद्ध कायदा केला, पण तो कार्यक्रमांच्या तिकिटांपुरता. घड्याळं, बूट त्यात नाहीत. काही ब्रँड्स आता 'वेटिंग रूम' ठेवतात. सुरुवातीच्या वेळेआधी आलेल्या सगळ्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे नंबर मिळतात. हे त्यातल्या त्यात बरं. फक्त मग एक तास आधी येऊन बसण्याचा काडीचाही उपयोग नसतो, हे कुणी सांगत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या शोच्या तिकिटांसाठी आपल्यातल्या निम्म्यांनी लाखोंच्या रांगेतला आपला नंबर पाहिला आहेच. तेव्हा समजावून सांगायची गरज नाही.

त्यात आपण भारतात. यादीत कधीकधी 'इंडिया' हा देशच नसतो. असला, तर ओटीपी. सेकंदांच्या शर्यतीत ओटीपीची वाट बघणं म्हणजे मॅरेथॉनमध्ये चप्पल शोधणं. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंदच असतात, ते आपण अॅपमध्ये जाऊन सुरू करायचे. एका मैत्रिणीला हे कळलं ते कार्ड नाकारलं गेल्यावर. आणखी एक खड्डा म्हणजे घड्याळाचं घड्याळ! जिनिव्हात दुपारचे बारा म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोप काटे पुढे करतो. त्या आठवड्यात काही रिलीज असेल तर दोनदा तपासा.

मग दुकानातच विका ना!

हा उपाय स्वॉचनं करून पाहिला. २६ मार्च २०२२ ला ओमेगाबरोबरचं 'मूनस्वॉच' आलं. अकरा रंग, किंमत २६० डॉलर, ऑनलाइन विक्री नाही, निवडक दुकानांतच. आणि ते लिमिटेडही नव्हतं! तरी लंडनमध्ये इतकी झुंबड उडाली की पोलीस आले, दुकान बंद करावं लागलं. त्याच दिवशी तीच घड्याळं नेटवर कितीतरी पटींनी विकायला लागली. म्हणजे रांग रस्त्यावर आली, एवढाच फरक.

माझ्या मते प्रश्न ऑनलाइनचा नाहीच. प्रश्न नग आधी ठरवण्याचा आहे. मागणारे हजारो आहेत हे माहीत असताना दोनशे नग काढायचे, तेही 'पहिला येईल त्याला', हा अपघात नाही, तो निर्णय आहे. उलट करून दाखवणारेही आहेत. हाजिमे आसाओका हे टोकियोतले स्वतंत्र घड्याळजी. त्यांच्या हातची घड्याळं सामान्यांच्या आवाक्याबाहेर, म्हणून त्यांनी २०१९ मध्ये त्यातल्या त्यात परवडेल असा 'कुरोनो टोकियो' ब्रँड काढला. तोही मिनिटांत संपायला लागला, लोक वैतागले. मग काही मॉडेल्ससाठी त्यांनी आकडा सोडून वेळ ठरवली. दहा मिनिटं खिडकी उघडी, त्यात जितके पैसे भरतील तितकी घड्याळं बनवायची. दहा मिनिटं म्हणजे ओटीपी दोनदा चुकला तरी चालतंय! लिमिटेडपणाही राहतो आणि बॉटला धावून फारसा फायदा होत नाही. फक्त ब्रँडला मग 'अमुक सेकंदांत खल्लास' असं मिरवता येत नाही. बहुतेकांना ते सोडवत नाही, असा माझा संशय आहे.

तोपर्यंत हरलेल्यांनी काय करावं? पहिल्या रात्री तरी काहीच करू नये. रिसेलचे भाव तेव्हा सर्वांत चढे असतात आणि डोकंही सर्वांत गरम. फोटोत घड्याळ दाखवून अॅडव्हान्स मागणारे महाभाग याच रात्री भेटतात. घड्याळ अजून फॅक्टरीतून बाहेर पडलेलं नसतं आणि हे 'हातात आहे' म्हणून विकत असतात! ज्यांना स्विस नावच हवंय, त्यांनी नेहमीचं, लिमिटेड नसलेलं मॉडेल शांतपणे दुकानात जाऊन मनगटावर चढवून बघावं. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांमधला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय आणि स्विस घड्याळांवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्यानं सात वर्षांत शून्यावर यायचं आहे. थांबणाऱ्याचं इथं नुकसान नाही.

आमच्या ग्रुपमधल्या एकाला मात्र अशाच एका दहा मिनिटांच्या खिडकीत घड्याळ मिळालं. सहाव्या मिनिटाला, ओटीपी एकदा चुकवून. पार्टी झाली. मग काही महिने घड्याळाचा पत्ता नाही, कारण ते बनायचंच होतं. परवा कुरिअरवाल्याचा फोन आला. हा उड्या मारत उठला. पलीकडून आवाज: 'सर, तुमचं पार्सल कस्टममध्ये आहे. ड्युटी भरायचीय. लिंक पाठवतो, ओटीपी येईल.'