लोणार : स्थलनाम, गाळ आणि समाज

मानवी समाजाचा इतिहास जसा ताम्रपट व बखरी यांतून उलगडतो, तसाच तो भूमी, जल आणि वनस्पती यांच्या अवशेषांतूनही उलगडतो. या दुसऱ्या मार्गाच्या शोधास पर्यावरणीय इतिहास म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर हे त्याचे बोधप्रद उदाहरण होय.

उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात हे सरोवर आहे. पाण्यास बाहेर वाट नसल्यामुळे बाष्पीभवनाने क्षार साचत जातात. हा गुणधर्म स्थलनामातही उमटला आहे. संस्कृत ‘लवण’ व प्राकृत ‘लोण’ यांच्याशी ‘लोणार’ या नावाचा संबंध आहे. ‘लोणचे’ हा शब्दही त्याच कुळातील. तथापि केवळ ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे, कारण ‘लोणी’ हा शब्द ‘नवनीत’ यापासून आला आहे. लोणारच्या व्युत्पत्तीस वस्तुस्थितीचा आधार मिळतो : येथे काच व साबण यांस लागणारी द्रव्ये मिळतात, अशी नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-इ-अकबरी’त झाली आहे.

जेथे शब्द व लेख पोहोचत नाहीत, तेथे तळाचा गाळ साक्ष देतो. त्या गाळाच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुमारे ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या थरांत गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक आढळले. पाणी आटून क्षार दाट झाल्यावरच ते तयार होतात. म्हणून हे दोन्ही कालखंड दीर्घ अवर्षणाचे ठरतात.

यावरून अवर्षण म्हणजे समाजाचा ऱ्हास, असे समीकरण मात्र मांडता येत नाही. देवगिरीच्या यादवांचा उत्कर्ष आणि १२९० सालची ‘ज्ञानेश्वरी’ ही दुसऱ्याच कालखंडातील होत. विवराच्या काठावरील ‘धारे’सारखे गोड्या पाण्याचे झरे, पिकांची निवड व राज्यव्यवस्था यांचाही विचार करावा लागतो. निसर्ग मर्यादा घालतो. तिच्या आत कसे जगावे, हे समाज ठरवितो.

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. जून २०२० मध्ये पाणी घटून क्षारता वाढली व क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे सरोवर गुलाबी झाले. त्याच वर्षी ते रामसर यादीत समाविष्ट झाले. गावातून येणारे सांडपाणी व शेतातील खते यांनी जलाचे स्वरूप पालटते, आणि हा पालटही त्याच गाळात नोंदला जातो. हे सरोवर राखणे म्हणजे सहस्रावधी वर्षांचे एक दफ्तर राखणे होय.