नावेच्या तीन गाठी

मुलांनो, घरी आपल्याला दोन गाठी येतात. एक निरगाठ, दुसरी सुरगाठ. सुती दोराची निरगाठ भिजली की फुगते, मग दाताने ओढली तरी सुटत नाही. सुरगाठ हिसका बसताच सुटते. नावेला दोन्ही चालत नाहीत. नावेची गाठ ओढ बसली तरी टिकली पाहिजे अन् हवी तेव्हा हाताने सुटली पाहिजे.

अशा गाठी मी सुट्टीत नागपूरला धंतोलीत मामांकडे शिकलो. शहरात नाव कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण २३ सप्टेंबर २०२३ ला अतिवृष्टी झाली, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीला पूर आला आणि वस्त्यांतून माणसांना होडीने बाहेर काढावे लागले. पाणी रात्रीच चढले होते. म्हणून मामा म्हणतात, "पोरा, गाठ बोटाले आली पाहिजे. अंधारात डोळे काय करतील?"

सरावाला दोन हात सुती दोर आणि एक खुर्ची पुरे.

१) खुंट्याची गाठ : नाव खुंट्याला बांधण्यासाठी. खुर्चीच्या पायाला एक वेढा द्या. टोक त्यावरून तिरपे नेऊन दुसरा वेढा द्या. मग टोक दुसऱ्या वेढ्याखालून काढून ओढा.

२) चपटी गाठ : गुंडाळलेले शीड किंवा जखमेची पट्टी बांधण्यासाठी. आधी डावे टोक उजव्यावर, मग उजवे डाव्यावर. दोन्ही वेळा डावेच वर घेतले तर गाठ वाकडी बसते आणि निसटते. स्काउटच्या जागतिक चिन्हातल्या दोरीला हीच गाठ आहे. मात्र माणूस ओढायचे दोन दोर हिने कधी जोडू नयेत.

३) न आवळणारे वळे : याला बोलाइन म्हणतात. दोरावर लहान वळे करा, टोकाकडचा भाग वर ठेवा. हे झाले बीळ. लांब दोर म्हणजे झाड, टोक म्हणजे मुंगूस. मुंगूस बिळातून वर येते, झाडामागून वळसा घेते आणि पुन्हा त्याच बिळात शिरते. आता दोर ओढा. हे मोठे वळे काखेखालून घातले तर कितीही ओढा, छाती आवळत नाही.

नायलॉनचा दोर गुळगुळीत असतो, त्याचे टोक वीतभर जास्त सोडावे. दोर गळ्यात घालून खेळू नये. कोणी बुडत असेल तर पाण्यात उडी न घेता मोठ्यांना हाक मारावी आणि काठावरून दोर फेकावा.

रोज प्रत्येक गाठ दहा वेळा मारा. डोळे मिटून जमली की समजा, आली!