कामाच्या कपड्यांचें पुढें काय?

घरांतलें लुगडें जुनें झालें म्हणजे त्याची गोधडी होते, धोतराचीं फडकीं होतात, आणि उरलेसुरलेलें बोहारीण भांड्याच्या मोबदल्यांत घेऊन जाते. कापडाचें हें चक्र आपल्या आजीबाईंना पुस्तकावांचून ठाऊक होतें. परंतु कारखान्यांतल्या कामगाराचा किंवा इस्पितळांतल्या नोकराचा गणवेष ह्या चक्रांतून पुष्कळदां निसटतो. त्याच्या छातीवर संस्थेचें नांव असतें. तो भलत्याच्या अंगावर दिसूं नये, म्हणून कित्येक ठिकाणीं तो जाळतात किंवा पुरतात.

जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हां कापड करण्याची युक्ति यॉर्कशायरमधील बॅटले येथील बेंजामिन लॉ ह्यानें १८१३ च्या सुमारास काढली. दातेरी रुळांच्या यंत्रांत चिंध्या घालून तंतू मोकळे करावयाचे, त्यांत नवी लोकर मिसळावयाची आणि सूत कातावयाचें. ह्या मालाला शॉडी म्हणतात. नवी लोकर कां लागते? सूत टिकतें तें लांब तंतूंनीं एकमेकांना पिळांत धरून ठेवल्यामुळें. यंत्रांत फाटतांना तंतू तुटून आंखूड होतात, आणि आंखूड तंतू लवकर सुटतात. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत शिपायांना हलक्या शॉडीचे गणवेष पुरविले गेले. ते थोड्याच दिवसांत विरले, आणि तो शब्दच वाईट मालाला चिकटला. माझ्या मतें दोष युक्तीचा नव्हे, मक्तेदारांच्या लोभाचा होता.

आपल्याकडे हा धंदा पानिपतास चालतो. पानिपत म्हटलें कीं आपल्याला १७६१ आठवतें. पण तेथें परदेशांतून आलेले जुने लोकरी कपडे बायका पात्यानें कापतात, बटणें व अस्तरें काढतात, रंगवार ढीग लावतात. रंग आधींच निवडल्यामुळें सूत पुन्हां रंगवावें लागत नाहीं. त्या सुताचीं ब्लँकेटें होतात. मात्र त्या कामांतील धूळ छातीला घातक असते, हें ब्लँकेट पांघरणाऱ्यानें विसरूं नये.

आतां गणवेषाची सोय पाहा. शेंकडों कपडे, सारे एका रंगाचे, एकाच कापडाचे, आणि कोणाकडे किती आहेत हें वहींत लिहिलेलें! निवडीची बरीचशी मेहनत वांचली. मग अडतें कोठें? अडतें तें टेरिकॉटपाशीं. व्हिनफील्ड व डिक्सन ह्या दोघां ब्रिटिश रसायनज्ञांनीं १९४१ त पॉलिएस्टरचा धागा शोधला. तो कापसांत मिसळला कीं कापड फारसें सुरकुतत नाहीं, लवकर वाळतें, लवकर झिजत नाहीं. म्हणून गणवेषांना तेंच पसंत पडलें. पण एकाच सुतांत पिळलेले हे दोन तंतू कोणतीही फणी वेगळे करूं शकत नाहीं. पॉलिएस्टर सुमारें २६० अंशांवर वितळतो, तर कापूस वितळतच नाहीं, जळतो. त्यांना वेगळें करावयाचें तर रसायनें लागतात, व तें खर्चाचें काम आहे. शिवाय चेन, चमकणाऱ्या पट्ट्या व शिवलेले बिल्ले निराळे उसवावे लागतात.

तेव्हां कपड्याचें पुढें काय होणार, हें तो फाटल्यावर नव्हे, तर मागणी लिहितांनाच ठरतें. जेथें चालेल तेथें एकाच तंतूचें कापड मागवावें. बिल्ला सहज उसवेल असा टांचावा. जुना जोड जमा केल्याशिवाय नवा देऊं नये. युरोपांत कांहीं धुलाई-कंपन्या गणवेष भाड्यानें देतात. कापड त्यांच्याच मालकीचें राहत असल्यामुळें ठिगळ लावण्याची काळजी त्या स्वतःच घेतात. युरोपीय संघांतील देशांना १ जानेवारी २०२५ पासून टाकाऊ कापड वेगळें गोळा करणें बंधनकारक झालें आहे. कीटकनाशकांनीं भिजलेले कपडे मात्र ह्या ढिगांत कधींही मिसळूं नयेत.

आपल्या कपड्यांत काय आहे हें कळत नसेल, तर एक धागा ओढून, चिमट्यांत धरून दिव्यावर न्या. कापूस कागदासारख्या वासानें जळून मऊ राख होतो. पॉलिएस्टर आकसून त्याचा कठीण मणी बनतो. मिश्रणांत दोन्ही खुणा दिसतात. निव्वळ सुती गणवेषाला इस्त्री जास्त लागते, ही तक्रार नोकरमंडळी करणारच. ती खरी आहे, आणि त्या इस्त्रीचा खर्च संस्थेनें सोसावयास हवा.